माझ्या अंगावरची रिकामी खाच

मित्रांनो, टीव्हीखालच्या खणात, तारांच्या गुंत्यामागे जो काळा, चपटा डबा दिसतो, तो मी. गेमचे चित्रण करणारा रेकॉर्डर. माझे काम सोपे आहे. गेमच्या यंत्राची तार एका बाजूने माझ्यात येते आणि दुसऱ्या बाजूने टीव्हीकडे जाते. मधल्या मध्ये जे चित्र, जो आवाज माझ्यातून वाहतो, ते मी माझ्यातल्या मेमरी कार्डावर उतरवतो. संगणकावाचून माझे काही अडत नाही. लाल बटण दाबले की झाले.

माझ्या पुढच्या अंगाला एक लहान गोल खाच आहे. तिथे माइक खोचला तरच खोलीतले बोलणे कार्डावर जाते. एरवी मी ऐकतो सगळे, पण राखून काहीच ठेवू शकत नाही.

कारखान्यातल्या लांब टेबलावर माझी तपासणी झाली, खोक्यात बंद झालो आणि मग या घरात उघडलो. घरात दोघीच. आई शिवणकाम करायची. तिचे यंत्र खिडकीपाशी होते. लेक तिला न विचारता मला घेऊन आली होती. नदीतून मालाची होडी न्यायची, असा त्यांचा आवडता गेम होता. लेक घाईची, त्यामुळे होडी हमखास खडकावर आदळे.

"अगं ठमे, काठाकाठानं घे! कापड ओढू नये, त्याला जाऊ द्यावं," आई बॉबिन भरता भरता म्हणाली.

"आई, ही होडी आहे, ब्लाउज नाही."

"मग बुडव खुशाल. नाहीतर आण तो रिमोट इकडे."

आईने होडी समुद्रापर्यंत नेली. एक ओरखडा नाही. ते माझे पहिले चित्रण, आणि खाचेत माइक होता. त्यात नदी होती, कात्रीची करकर होती आणि आईची अखंड बडबड होती.

लेकीने ते ऐकले आणि कपाळाला हात लावला. "सगळं वाया गेलं! हे जगाला दाखवलं तर लोक हसतील मला."

"बरं बाई. तोंडाला टाके घालते."

लेकीने ते चित्रण पुसले आणि माइक आईच्या शिवणाच्या बटणांच्या डब्यात टाकला.

पुढे माझे चांगले दिवस आले. आई होडी चालवी, मी ते उतरवून घेई आणि लेक ती चित्रणे इंटरनेटवर टाकी; दूरदूरचे लोक ती पाहत. इतका स्वच्छ हात कुणाचा, असे विचारत. लेक अभिमानाने आईला ते वाचून दाखवी. आईने टाके काही घातले नाहीत. ती खडकांना शिव्या देई, होडीला गोंजारी, लेकीला टोमणे मारी. माझ्यापाशी मात्र फक्त पाण्याचा आवाज साठत गेला.

मग एक दिवस आईला सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टरांनी सांगितले, स्नायूंतली ताकद हळूहळू जाईल. लेकीने धसका घेतला. आईचे हात चालताहेत तोवर साठवायचे, म्हणून ती रोज लाल बटण दाबू लागली. तिचे सगळे लक्ष त्या अंगठ्यांवर होते. शब्दही जातील, हे तिच्या मनातच आले नाही. माझी खाच रिकामीच राहिली, आणि मला ओरडून सांगता येत नव्हते.

आधी हात गेले. मग बोलणे जड झाले, मग गेलेच.

एका दुपारी लेक टीव्हीला कान लावून बसली. एकामागून एक कार्ड. वल्ह्यांचा आवाज, पक्षी, पाणी.

"एकदा तरी खोकली असशील गं," ती म्हणाली. आई खुर्चीतून पाहत होती.

लेक उठली. बटणांच्या डब्यातून तिने माइक काढला, माझ्या खाचेत खोचला, लाल बटण दाबले आणि जुने एक चित्रण पुन्हा माझ्यातून सोडले. "हा खडक आला तेव्हा काय म्हणालीस? 'काठ सोडू नकोस'?"

आईने दोनदा पापण्या मिटल्या. म्हणजे नाही.

"मग? 'डोळे घरी ठेवून आलीस का'?"

पुन्हा नाही.

"'मेले, तुझ्यापेक्षा म्हैस बरी पोहते'?"

आई हसली. आवाज कसला, अडकलेला श्वास आणि थोडी घरघर. पण तो माझ्या कार्डावर उतरला. आईचा म्हणून माझ्यापाशी तेवढाच आवाज आहे.

आई आता नाही. शिवणयंत्रावर चादर घातली आहे. माझ्यासारखी यंत्रे जुनी झाली, माझ्यावर धूळ बसते. तरी लेक अधूनमधून येते आणि एकटीच होडी घेऊन निघते. माइक त्या दुपारपासून काढलेला नाही. वळण आले की ती पुटपुटते, "काठाकाठानं घे गं." मी ते जपून उतरवतो.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, असे मी म्हणणार नाही. पण तुम्ही खेळत असताना मागून कुणी बडबडत असेल, तर त्यांना गप्प करू नका. खाच रिकामी ठेवू नका.