नावं कापलेलं गाणं

लव्हेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती लावणारा न्यूयॉर्कचा रॅपर डेस्मंड लव्हेलच्याच ह्यूस्टनमधल्या गॅरेजात येऊन ऐसपैस बसला होता.

शहाण्णव साली याच गॅरेजात लव्हेलच्या धाकट्या भावाचा, रॉनीचा, वाढदिवस झाला होता. ह्यूस्टनच्या दक्षिण भागाची रीत ठरलेली. कुणाची तरी रेकॉर्ड लव्हेलने संथ करायची, पार काकवीसारखी दाट होईपर्यंत, आणि ज्याचा वाढदिवस असेल त्याने तिच्यावर सुचेल तसं रॅप करायचं. पण आधी नावं घ्यायची: गल्लीची, गेलेल्यांची, ज्याची रेकॉर्ड त्याची. पुढच्याच वर्षी रॉनी गेला आणि मागे त्या रात्रीची कॅसेट उरली; तिच्या प्रती हातोहात फिरत राहिल्या.

आता डेस्मंडच्या गाण्यात रॉनीचा तोच आवाज देशभर वाजत होता आणि तो कुणाचा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. डेस्मंडने नावं कापली होती.

तुमचा संथपणा आता आम्हा न्यूयॉर्ककरांच्या अंगात भिनलाय, हा तुमचा मानच आहे, असं तो गोड गोड बोलत होता. असला मान चुलीत घाला! लव्हेलने सरळ नावांचं विचारलं.

"ती ठेक्याच्या आड येत होती, काका. आणि तुम्ही कशाला रागावता? तुमच्या कॅसेटमध्ये खाली माझ्या मामाचं गाणं वाजतंय. आमच्या न्यूयॉर्कच्या क्वीन्सचं. त्याला कुठे विचारलं होतंत?"

विचारलं नव्हतंच. खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

"कॅसेट पूर्ण ऐकलीस?"

"सुरुवातीची बडबड सोडून."

लव्हेलने मूळ कॅसेट लावली. रॉनीचा जड, रेंगाळता आवाज आला. गल्ली झाली, गेलेले मित्र झाले. मग तो म्हणाला, "आणि क्वीन्सच्या क्लिफर्ड बास्कमपुढे टोपी काढतो. ठेका तुझा, दादा. आम्ही फक्त हळू चालतो."

डेस्मंडचा चेहरा उतरला. ते त्याच्या मामाचं नाव होतं.

"मामा मार्चमध्ये गेला," तो म्हणाला. "माझं गाणं त्याला दवाखान्यात ऐकवलं होतं मी. ऐकून म्हणाला, ठेका माझाय, पण माझं नाव क्वीन्सबाहेर कधी कुणी घेतलं नाही."

लव्हेलला त्याची दया आली नाही.

"घेतलं होतं," तो म्हणाला. "तू कापलंस."