नानीची विहीर

फुकटचा चहासुद्धा मी संशयानं पिते. स्वभाव आहे, आणि तो बदलावा असं मला कधी वाटलं नाही. म्हणून चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत प्राचार्यांनी मला बोलावून टेबलावरची भलीमोठी चांदीची ढाल दाखवली, तेव्हा मी आधी विचारलं, "कोणी दिली?"

"मुंबईच्या मरुभूमी मैत्री मंडळानं," प्राचार्य म्हणाले. "आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा घेतायत. सभागृह आपलं, बाकी सगळा खर्च त्यांचा."

"आणि त्यांना कोण देतं?"

"हितचिंतक."

"कुठले?"

"बिराजदार बाई, ढाल बघा की हो! जरा उचलून तरी बघा."

मी उचलली नाही. विषय वाचला. 'या सभेचे मत आहे की इस्रायलशी मैत्री करण्यातच भारताचे हित आहे.' दोन-तीन महिन्यांपूर्वीच तिकडे लढाई होऊन गेली होती, तेलाचे भाव भडकले होते आणि आमच्या गल्लीत रॉकेलसाठी बायका डबे घेऊन रांगेत भांडत होत्या. आपलं सरकार अरबांच्या बाजूनं. आणि मुंबईतल्या कुणाला तरी वाटत होतं की सोलापूरच्या पोरांनी दुसऱ्या बाजूनं विचार करावा. वाटू दे की. पण मग तोंडानं सांगा, चांदीची ढाल कशाला?

मी मराठी शिकवायचे आणि कॉलेजचं वादविवाद मंडळ माझ्याकडे होतं. त्या वर्षी माझ्याकडे एक हिरा होता. बंदेनवाज नदाफ. विजापूर वेशीजवळ त्याच्या वडलांचं, मौलालींचं, गाद्या भरायचं दुकान होतं. पोरगा नाकात कापूस घेऊनच वर्गात यायचा, पण बोलायला उभा राहिला की मागच्या बाकावरची टवाळ पोरं कागदाचे बाण खाली ठेवायची. त्याच्या जोडीला होटगीचा मडिवाळप्पा. रेल्वेतल्या बापाचा मुलगा, प्रामाणिक आणि कंटाळवाणा.

मी दोघांना दोनच गोष्टी घोटून घेतल्या होत्या. एक, भाषणात घरचं माणूस आणायचं. आकडे लोक विसरतात, कुणाची तरी आजी विसरत नाहीत. दुसरी, शेवटच्या वाक्याआधी थांबायचं. श्वास घ्यायचा, समोर बघायचं, आणि मगच बोलायचं. बंदेनवाजला दोन्ही जमायचं. मडिवाळप्पा थांबला की लोकांना वाटायचं, हा विसरला.

आपल्याकडची वादविवादाची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. एका कॉलेजचे दोन वक्ते, एक अनुकूल, एक प्रतिकूल. कोण कुठल्या बाजूनं बोलणार ते स्पर्धेआधी ठरतं, जोडीतला एक चिठ्ठी उचलतो, दुसऱ्याला उरलेली बाजू, आणि दोघांच्या गुणांची बेरीज करून ढाल मिळते. म्हणजे बोलणाऱ्याचं स्वतःचं मत काय, याच्याशी कुणालाच देणंघेणं नसतं. माझा संशय असा की मंडळवाले चिठ्ठ्यांत काहीतरी गडबड करणार. चांगले वक्ते अनुकूल बाजूला, रडके प्रतिकूलला.

मंडळातर्फे कारखानीस नावाचे गृहस्थ आले होते. पांढरा सदरा, गोड आवाज, दर वाक्याला "नाही का?" त्यांच्यासोबत एक कॅमेरावाला. मी चिठ्ठ्यांचा तांब्या त्यांच्यासमोरून उचलला, सगळ्या चिठ्ठ्या उलगडून बघितल्या, निम्म्या अनुकूल, निम्म्या प्रतिकूल आहेत याची खात्री केली, परत घड्या घालून तांब्या हलवला आणि स्पर्धकांपुढे स्वतः धरला.

"बाई फार काटेकोर आहेत, नाही का?" कारखानीस हसून म्हणाले.

"आहेच," मी म्हणाले.

बंदेनवाजनं अनुकूल उचलली. मडिवाळप्पाला उरलेली प्रतिकूल. चिठ्ठ्या स्वच्छ होत्या, त्याबद्दल मी आजही पैजेवर सांगेन. मी सगळा वेळ तांब्यावर डोळा ठेवून होते. कॅमेऱ्याकडे कोण बघतंय?

बंदेनवाज काय बोलला! उभं राहताच म्हणाला, "अध्यक्ष महाराज, मी मुसलमान आहे. म्हणून तुम्हाला वाटलं असेल, हा विरुद्ध बोलणार." सभागृहात कुजबुज झाली. ती संपेपर्यंत हा शांत उभा. मग त्यानं आपली नानी आणली. बहात्तरच्या दुष्काळात नानीची विहीर आटली, तळाशी नुसता चिखल. नानी रोज पहाटे काठावर बसायची, पोहरा सोडायची, चिखल वर काढायची आणि म्हणायची, उद्या येईल. "तिकडं वाळूतून पाणी काढणारी माणसं आहेत," तो म्हणाला, "त्यांचा धर्म विचारायला माझ्या नानीला वेळ नव्हता." मग थांबला. समोर बघितलं. "ज्याला तहान लागलीय, तो दोस्त निवडताना फक्त घागर बघतो."

टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारच्या परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. ढाल आम्हाला मिळाली आणि बंदेनवाजला उत्कृष्ट वक्ता म्हणून एक पेन. त्या संध्याकाळी मी संशय विसरले. ढाल उचलून बघितली. चांगली जड होती.

महिन्याभरानं मंडळानं छापलेलं एक पुस्तक आलं. गुळगुळीत कागद, झकपक छपाई, आणि मुखपृष्ठावर हात वर केलेला आमचा बंदेनवाज. खाली मोठ्या अक्षरांत, 'सोलापूरचा मुस्लिम विद्यार्थी इस्रायलच्या मैत्रीचा पुरस्कार करतो.' आत त्याचं अख्खं भाषण. स्पर्धेचा उल्लेख नाही. चिठ्ठीचा नाही. मडिवाळप्पाचं तर नावसुद्धा नाही, जणू त्या दिवशी तो होटगीतच होता. राज्यातल्या कॉलेजांत गठ्ठेच्या गठ्ठे फुकट गेले. आमच्या स्टाफरूममध्ये ते हातोहात फिरलं. इतिहासाचे सर म्हणाले, "पोरगं पोचलेलं दिसतंय." माझं डोकं फिरलं, पण तोपर्यंत एक प्रत विजापूर वेशीलाही पोचली होती.

बंदेनवाज आठवडाभर आला नाही. आला तेव्हा वर्ग संपल्यावर दाराशी उभा राहिला.

"बाई, मोहल्ल्यात विचारायलेत, किती घेतलास म्हणून. चिठ्ठीचं सांगितलं तर हसतात. म्हणतात, एवढं पोटातनं कोण चिठ्ठीवर बोलतंय व्हय?"

"आणि तू खरंच काही घेतलं नाहीस ना?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यानं खिशातलं पेन काढून पुढं केलं.

"पेन घेतलं की, बाई. तुमच्यासमोरच." मग मान खाली घालून म्हणाला, "लोकांचं काय नाही. लग्नसराई तोंडावर आलीय आन् गाद्या भरायला कुणी येईना, ते बी चालंल. पण अब्बा बोलत न्हाईत माझ्याशी. ताट पुढं सरकवतात आन् उठून जातात. तेवढं कायतरी करा."

मी संतापले, आणि संतापले की मला सुचतं. कारखानीस पुढच्या वर्षीच्या ढालीचं ठरवायला त्याच आठवड्यात आले होते. मी प्राचार्यांच्या खोलीत न विचारता शिरले आणि पुस्तक टेबलावर आपटलं.

"चिठ्ठी कुठाय यात?"

"बाई, एक शब्दही आमचा नाही," कारखानीस शांतपणे म्हणाले. "काना, मात्रा, सगळं त्याचंच आहे. नाही का?"

"बाजू त्याची नव्हती!"

"असं तुम्ही म्हणता. मी समोर बसून ऐकलं त्याला. मनात नसताना कुणी असं बोलूच शकत नाही." आणि वर मला म्हणाले, "त्याला आम्ही पुण्याला, नागपूरला, औरंगाबादला भाषणांना पाठवू. मानधन देऊ. पोराचं कल्याण होईल."

माणूस लबाड होता की त्याला खरंच तसं वाटत होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. लबाड असता तर बरं झालं असतं. खुलासा छापा म्हटल्यावर, जागा असेल तर पुढच्या पुस्तकात बघू, असं म्हणाले. प्राचार्य ढालीकडे बघत होते.

मग मी ठरवलं, खुलासा आपणच करायचा. बंदेनवाजनं मोहल्ल्यात, सगळ्यांसमोर, त्याच विषयावर प्रतिकूल बाजूनं बोलायचं. लोकांना कळू दे वादविवाद काय असतो ते. तिथल्या उर्दू शाळेच्या जुन्या मास्तरांना मी स्वतः जाऊन भेटले. त्यांनी बराच वेळ दाढी खाजवली आणि रविवारी संध्याकाळी शाळेचं पटांगण दिलं.

गर्दी झाली. पुरुष सतरंजीवर, बायका भिंतीपलीकडे, आणि सगळ्यांचे चेहरे असे की हा कुठं अडकतो ते बघू. मौलाली अगदी मागे, उभेच. अंगावरच्या बंडीला कापूस चिकटलेला. मडिवाळप्पा माझ्या शेजारी नखं खात होता.

बंदेनवाज उभा राहिला. सुरुवात थंड केली. मग तिकडं तंबूंत राहणाऱ्या अरबांबद्दल बोलायला लागला. एका रात्रीत घर सोडून निघालेली, पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या जमिनीवर तंबूत म्हातारी झालेली. त्यांच्या बायका घराची किल्ली अजून गळ्यात घालतात, म्हणाला, घर राहिलं नाही तरी. आणि मग म्हणाला, "माझी नानी." रझाकारांच्या धामधुमीत नानीनं निजामाच्या सरहद्दीवरचं आपलं घर कुलूप लावून सोडलं, किल्ली कमरेला खोचली, आणि मरेपर्यंत ती उशाखाली ठेवून झोपली. "कुणी विचारलं तर म्हणायची, उद्या जायचंय." भिंतीपलीकडून हुंदका आला. तो थांबला. समोर बघितलं. "ज्याच्या हातात किल्ली आहे आणि दार नाही, त्याला विचारा न्याय कुणाच्या बाजूला आहे."

पटांगण उठून उभं राहिलं. म्हाताऱ्या मास्तरांनी त्याला छातीशी धरलं. किती घेतलास म्हणून विचारणारे आता त्याच्या पाठीवर थापा मारत होते, आणि एकानं तर तिथंच सांगितलं, उद्या लेकीच्या लग्नाच्या गाद्या घेऊन येतो. मडिवाळप्पा रडत होता, आणि मी मनातल्या मनात कारखानीसांना शिव्या घालत होते. मला वाटलं, जिंकलो.

मौलालींनी आम्हाला दुकानात नेलं. कापसाच्या ढिगाशेजारी बाकड्यावर बसवलं, चहा मागवला. बंदेनवाज दाराशी उभा होता, चेहरा फुललेला, वडील आता काय म्हणतात याची वाट बघत. चहा आला. मौलालींनी कप माझ्या हातात दिला आणि म्हणाले,

"लई चांगला बोलला, बाई."

"तुमचाच मुलगा," मी म्हणाले.

"व्हय. त्या पुस्तकातलं शेजारच्यानं वाचून दावलं, तवाबी लई चांगलं हुतं. माज्या डोळ्यात पाणी आलं, इहिरीचं ऐकून. आज किल्लीचं ऐकून बी आलं." त्यांनी बंडीवरचा कापूस उगाच वेचला. "बाई, माजी सासू हितंच जन्मली. भाड्याच्या खोलीत ऱ्हायली, नळावर भांडून पाणी भरलं, आन् त्याच खोलीत मेली. तिला इहीर न्हवती. कुलूप लावायला घर बी न्हवतं."

मी चहाचा कप तसाच धरून होते.

"पैसे घेतले आसं मला कदीच वाटलं न्हाई," मौलाली म्हणाले. "मोहल्ला येडा हाय. मी बोलत न्हवतो ते त्या इहिरीपायी." मग मुलाकडे वळले, आणि आवाज चढवलाच नाही. "मोहल्लेवाले मान गये, अच्छा हुआ. लेकिन तू मेरेकू घर में कुछ बोलेगा, अब्बा ये ऐसा हुआ, वो वैसा हुआ, तो मैं कैसा पैचानूं रे?"

बंदेनवाज, माझा उत्कृष्ट वक्ता, उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागला. मौलालींनी पिंजायची धनुकली उचलली. उद्याच्या गाद्यांना कापूस लागणार होता.

तो मला टांग्यापर्यंत सोडायला आला. मडिवाळप्पा पुढे गेला होता. मला राहवेना.

"खरं सांग. ढाल सोड, मोहल्ला सोड. तुझं स्वतःचं काय मत आहे?"

त्यानं टांगेवाल्याला हात केला.

"बाई, मी तिथल्या कुणालाच ओळखत नाही," तो म्हणाला. "ना पाणी काढणाऱ्यांना, ना तंबूतल्यांना. दोन्ही वाचलं तेव्हा दोन्ही खरंच वाटलं." आणि तो थांबला. श्वास घेतला, माझ्याकडे बघितलं. "मला फक्त अब्बांनी बोलायला हवं होतं."

खरं असेल. मला तेव्हाही वाटलं, खरंच असेल. पण तो शेवटच्या वाक्याआधी थांबला होता, अगदी बरोब्बर जागी, आणि मी टांग्यात चढेपर्यंत त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.