थोरलीच्या हातातली किल्ली

छकुली झोपली की तिच्या आईला पाऊण तास मिळायचा. तोही एकहाती, कारण डावा हात छकुलीच्या मानेखाली अडकलेला असे आणि तो काढला की बाईसाहेब टक्क जाग्या. खिडकी बंद, पंखा एकवर, कुकरची शिट्टीसुद्धा नको. उरलेल्या उजव्या अंगठ्यावर ती मंडळ चालवायची.

मंडळ म्हणजे एका जुन्या रेडिओ मालिकेच्या वेड्यांचा फोनवरचा अड्डा. बेटावरच्या हवामान केंद्रात राहणाऱ्या दोघी बहिणी. बाविसाव्या भागात थोरली यंत्रांच्या खोलीत शिरते, वाऱ्याने दार आपटतं, कुलूप बसतं. आणि मालिका बंद पडली ती कायमची. तेव्हा छकुलीची आई कॉलेजात होती. मंडळात रडारड, भांडणं, रोज चारदोन जण निघून चाललेले. जीव तुटून तिने एक थाप मारली: रेडिओच्या टंकलेखिकेकडून कळलंय, तेविसावा भाग लिहून तयार होता. थोरली आपली आपणच बाहेर येते; हातात पितळेची किल्ली, ती आत खिळ्यालाच टांगलेली होती.

मंडळ चार वर्षं तगलं. मग नोकऱ्या आल्या, लग्नं झाली, पोरंबाळं आली, आणि एकेक करून सगळे पांगले. उरले फक्त काका. हे छापखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ रोज सकाळी ओसाड मंडळात एकच शब्द लिहीत: ‘हजर.’ अंथरुणाला खिळलेल्या काकूंना तिने मंडळात लिहिलेला तो किल्लीचा उतारा त्यांनी शेवटपर्यंत वाचून दाखवला होता. काकू म्हणायच्या, "पुन्हा वाचा हो, खिळ्यापासून."

आणि आता रेडिओवाल्यांनी जुने भाग फोनवर ऐकायला ठेवले, आणि मेलेल्या मंडळात जीव आला. दारात दिवसाला दोनशे माणसं. प्रत्येकाला आत घ्यायचं ते तिनेच, कारण चावी तिच्याकडेच. हौशे-गवशे नकोत म्हणून तिनेच पूर्वी प्रश्न लावला होता: थोरली बाहेर येते तेव्हा तिच्या हातात काय असतं? तीनदा चुकलं की दार कायमचं बंद.

"सोडून दे की," नवरा बूट घालता घालता म्हणाला. "पगार मिळतो का याचा?"

"सोडायचं कुणाच्या हातात?"

"एक घरात रांगतंय, दुसरं फोनमध्ये. जुळी झाली म्हण तुला." तो हसत गेला. दाराचं लॅच खट्कन लागलं.

त्या दुपारी एका शिंपीणबाईंचं तिसरं उत्तर आलं. पहिल्या दोन वेळा त्यांनी ‘काही नाही’ लिहिलं होतं. आता जरा चिडूनच: ‘अहो ताई, थोरली बाहेर येतच नाही! मशीनवर बसल्या बसल्या तीनदा ऐकलंय मी. तुम्ही तरी ऐकलंय का?’

तिने आधीची उत्तरं चाळली. रोजच्या दोनशेतले जे आत आले होते ते तिची थाप कुठेतरी वाचून आले होते. ज्यांनी खरोखर मालिका ऐकली ते बाहेर तिष्ठत होते. इतके दिवस हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. रोज सांगून सांगून तिला स्वतःलाच किल्ली दिसायला लागली होती.

बाईंना नाकारावं, तर एक खरं माणूस कायमचं गेलं. घ्यावं, तर त्या आत येऊन पहिल्याच वाक्याला विचारणार, कसली किल्ली? आणि काका वाचणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. छकुली झोपेतच हुंकारली. तिने श्वास रोखला. हाताला मुंग्या आल्या होत्या.

तिने बाईंना आत घेतलं. मग एका अंगठ्याने, चुका खोडत, लिहिलं: ‘किल्ली मी रचली होती. टंकलेखिका नव्हती, तेविसावा भाग नव्हता. काका, माफ करा.’

मग काय, मोहोळच उठलं. कोणी लबाड म्हणालं, कोणी लिहिलं, ‘आम्ही तर किल्लीच मानणार.’ शिंपीणबाई म्हणाल्या, ‘बघा, माझे कान काही फुटलेले नाहीत!’

काकांचं मात्र काहीच आलं नाही. दुसऱ्या सकाळी ‘हजर’ नाही. तिसऱ्या सकाळीही नाही. ती दूध तापवताना बघे, लंगोट वाळत घालताना बघे. "दूध उतू चाललंय," नवरा म्हणाला, "आणि तू कुठे आहेस?"

चौथ्या दुपारी छकुलीची मान नुकतीच हातावर विसावली होती, तोच फोन थरथरला.

‘हजर. चार दिवस बाविसावा भाग ऐकत होतो. काकूला मी वाचलं ते वाचलं, त्याबद्दल राग नाही. पण पोरी, आत किल्ली नव्हतीच तर थोरली बाहेर कशी येणार? तूच तिला बाहेर काढली होतीस, तूच परत कोंडलीस. आता ती बाहेर कशी येते, ते नीट विचार करून सांग. घाई नाही. मी इथेच आहे.’

खाली एकामागून एक येऊ लागलं: हजर. हजर. शिंपीणबाईंचंही: हजर.

तिने हात सोडवून बघितला. छकुलीने झोपेतच मूठ तिच्या बाहीवर आवळली. तिने डोकं उशीला टेकलं, बंद दाराकडे बघितलं, आणि अंगठ्याने लिहायला घेतलं: ‘यंत्रांच्या खोलीत एक खिडकी असावी. कितपत मोठी, ते अजून मला दिसत नाही.’