बाभळीवरचं गवत

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. तीस मीटर लांबीचा, पिवळ्या फितीचा, जागा मोजणारा. माझे पहिले काही आकडे घासून पुसट झाले आहेत, पण खोटं मोजणं मला कधी जमलं नाही.

हिंगोलीच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून मला देविदासनं नेलं. जवळा बाजारजवळच्या तांड्यावरचा हा माणूस घरांच्या पायाची आखणी करायचा. माझं दुसरं टोक त्याची लेक पुजा धरायची. "ढिला सोडू नको, ताणून धर," तो म्हणायचा. बापलेकीच्या हातांत ताणलेला असताना मला फार अभिमान वाटे.

पुजा मोठी झाली, नगररचना शिकली. जर्मनीतल्या एका नदीकाठच्या शहरात तिला इंटर्नशिप मिळाली. निघताना देविदासनं मला तिच्या पिशवीत ठेवलं. तिथे सगळे लेझरनं मोजत आणि मला पाहून हसत. तिच्या वरिष्ठ, हानाबाई, पहिल्याच दिवशी तिला एका जुन्या घरापाशी घेऊन गेल्या. भिंतीच्या दगडात एक रेघ कोरलेली होती. पूर तिथवर आला होता. पुजानं मला जमिनीपासून वर धरलं. रेघ तिच्या डोक्याच्याही वर निघाली.

"कुठे बांधायचं नाही, ते आधी ठरवायचं," हानाबाई म्हणाल्या. "मग शहर."

इंटर्नशिप संपताना तिला तिथेच नोकरी देऊ केली गेली. रुजू होण्याआधी ती तांड्यावर आली. मीही आलो, आणि जे पाहिलं त्यानं माझी फीत थंड पडली.

तांड्याखालचा ओढा बुजवून एका प्लॉटवाल्यानं ले-आउट पाडला होता. चुन्याच्या रेघा देविदासनंच मारल्या होत्या. आखणीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर पुजाच्या भावाचं, जगनचं, घर उभं होतं. बायको शिला आणि लहानग्या लेकरासह तो राहायलाही आला होता.

"बापू, हे ओढ्याचं पात्र हाय," पुजा म्हणाली.

"कोरडाच असतो तो. काहून उगी भेव घालून राहिली?"

पुजा घरामागच्या बाभळीपाशी गेली. फांद्यांत जुन्या पुरानं आणलेलं वाळलेलं गवत आणि चिंध्या अडकल्या होत्या, सगळ्या एकाच उंचीवर. तिनं मला खोडाला लावलं. मग तीच उंची जगनच्या दाराला लावली. मी चौकटीच्या वर पोचलो.

देविदासनं आकडा वाचला. "अर्धे प्लॉट इकून झालेत, पोरी," तो म्हणाला. "आता कोणाला सांगशील?"

दुसऱ्या दिवशी त्यानं ती बाभळ तोडली.

पुजानं रुजू होणं लांबवलं. ले-आउट थांबवा म्हणून तहसील कचेरीत अर्ज दिला. प्लॉट घेतलेल्यांच्या घरोघर ती फिरली. कुणी चहा पाजला, कुणी दार लावून घेतलं. देविदास तिच्याशी बोलायचा थांबला. मग एके दुपारी तिनं जगनच्या भिंतीवर, मी सांगितलेल्या उंचीवर, निळी रेघ ओढली. जगन चुन्याचा डबा घेऊन ती झाकायला निघाला, तेव्हा शिला आडवी आली.

"ऱ्हाऊ द्या. ताईनं मोजून काढली हाय."

तेव्हापासून शिला धान्याची पोती रेघेच्या वर, माळ्यावर ठेवते. रोज संध्याकाळी लेकराला शिडी चढायला शिकवते. चढताना ते हसतं. ती हसत नाही.

मी आता त्याच भिंतीला खिळ्यावर टांगलेला असतो. शेजारी आणखी घरांचे पाये भरले जात आहेत, आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला, औंढा गावाच्या बाजूचं आभाळ दोन दिवसांपासून काळं आहे.

मित्रांनो, चिखल पुसून मला नीट गुंडाळून ठेवलंत, तर मी तुमच्या लेकरांनाही पुरेन. एवढंच मागतो. माझा आकडा पटला नाही, तर मला पुन्हा लावून बघा. बाभळ तोडू नका.