बोर्दोची वाइन आणि दाराआडचं गाठोडं

निघण्याआधी मी माझी दोन लुगडी आणि मुलीचे फ्रॉक एका गाठोड्यात बांधून दाराआड ठेवले. ह्यांनी आज दारूचा एक घोट जरी गिळला, तरी संध्याकाळच्या एस.टी.ने मुलीला घेऊन एकोडीला माहेरी निघून जायचं, असं मी ठरवलं होतं. कोणाला बोलले मात्र नव्हते. बोलून धमक्या देण्याचे दिवस संपले होते.

आमचे हे म्हणजे नाकाडोंगरीजवळच्या खाणीतले देवाजी फिटर. हातात कसब मोठं, पण जिभेला मोहाच्या दारूची चटक. याआधी दोनदा सोडली, दोनदा पुन्हा धरली. शेवटी त्र्याऐंशीच्या दिवाळीत चांदपूरच्या मारुतीसमोर नारळ फोडून शपथ घेतली. तेव्हापासून चूल वेळेवर पेटत होती आणि मुलगी बापाला पाहून लपत नव्हती. तरी रोज ते कामावरून आले की, त्यांच्या श्वासाचा वास घेतल्याशिवाय मला चैन पडत नसे.

अशात खाणीने फ्रान्सचं एक यंत्र घेतलं. ते बसवायला आलेला म्हातारा साहेब बोर्दो नावाच्या मुलखाचा. आमच्याकडे धानाचं जे माहात्म्य, तेच म्हणे तिकडे द्राक्षाच्या वाइनचं. यंत्र सुरू झालं त्या आनंदात त्याने गावाकडून पेट्या मागवल्या आणि क्लबच्या मैदानावर सगळ्यांना चव घ्यायला बोलावलं. मॅनेजर मधुकररावांनी ह्यांना आधीच बजावलं, की साहेबाच्या हातचा ग्लास तुम्हाला घ्यावाच लागेल, यंत्र तुम्हीच त्याच्या जोडीला राहून बसवलंत.

"मी पेणार नाही," हे मला म्हणाले. "तुले भरोसा नाही न माझ्यावर?"

"नाही," मी म्हटलं. मुलीला शेजारच्या कुंताबाईकडे सोडलं, डोक्यावर पदर घेतला आणि सोबत निघाले.

मैदानावर ही गर्दी. तुमसर, सिहोरा, कुठून कुठून माणसं आली होती. लांबलचक टेबलांवर पांढऱ्या चादरी, वर बाटल्यांच्या रांगा आणि प्रत्येक टेबलाशी एक पितळी बादली. बादल्या हात धुवायला ठेवल्यात, असं सगळ्यांनी गृहीत धरलं, आणि दोघातिघांनी हात धुऊनही घेतले. लोक ग्लास तोंडाला लावत होते आणि वाकडं तोंड करत होते. आपली मोहाची यापेक्षा बरी, असं मागून कोणीतरी म्हणालं. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. नको तिथे नको ती आठवण कशाला काढायची?

तेवढ्यात साहेब आला. सगळ्यांसमोर त्याने ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, ग्लासात लालभडक वाइन ओतली आणि ह्यांच्या हातात दिली. इज्जतीचा सवाल आहे, असं मधुकरराव कानाशी पुटपुटले. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ग्लास तोंडाला लावला.

मी त्यांच्या गळ्याकडे पाहत होते. घाटी हलली की सगळं संपलं. गाल फुगले, डोळे मिटले, पण घाटी काही हलेना. मी मनात मारुतीला हाका मारत होते आणि त्याच मनात गाठोडंही उचलत होते.

मग हे खाली वाकले आणि तोंडातली सगळी वाइन त्यांनी बादलीत थुंकून टाकली.

पाहुण्याने प्रेमाने दिलेलं त्याच्यादेखत थुंकायचं, म्हणजे आपल्याकडे अपमानाची हद्दच. मधुकररावांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मले माफ करा, साहेब," हे म्हणाले. "मारुतीपुढं शपथ घेतली आहे. नोकरी जात असन तं जाऊ द्या."

ही शपथ साहेबाला कशी सांगावी, या विचारात मधुकरराव होते, तोवर म्हातारा खो खो हसत सुटला. त्याने आपल्या ग्लासातला घोट घेतला, चूळ भरल्यासारखा तोंडात फिरवला आणि त्याच बादलीत थुंकला. मधुकररावांनी त्याला पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली आणि मग सगळ्यांना सांगितलं, की बादल्या त्यासाठीच आहेत. चव घेणारे तिकडे असंच करतात, गिळत बसले तर अर्ध्यातच आडवे होतील. एवढ्या जत्रेत साहेबाच्या मुलखाची रीत पाळली ती एकट्या देवाजीने.

तिथेच गवतावर बसून मी रडले. लोकांना वाटलं, मीच जास्त प्यायले. वाटू दे, इतकं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

परतताना हे हातपंपावर थांबून चुळा भरत राहिले. घरात शिरताना त्यांना दाराआडचं गाठोडं दिसलं.

"हे कायले बांधून ठेवलं?"

"धुवाले टाकाचे आहेत."

ह्यांनी गाठ सोडली. वरच मुलीचा घडी घातलेला फ्रॉक होता. तो ते बराच वेळ हातात धरून उभे राहिले.

"हे तं धुतलेलेच आहेत," हळूच म्हणाले.

मग एकेक कपडा त्यांनी दोरीवर परत ठेवला, माझी लुगडीसुद्धा, आणि रिकामं फडकं माझ्या हातात दिलं. त्या दिवशी मी त्यांच्या श्वासाचा वास घेतला नाही.