लय मोडली की थांबायचं

अशा पुढं सरून बसा बायांनो, अगदी जवळ या. बुवांना यायला अजून अवकाश आहे, तोवर आमच्या शेजारच्या दगडाबाईची हकीकत सांगते. देवाच्या दारात बसलेय, पदरचं काही घालणार नाही.

दगडाबाई जतकडची. सगळा जन्म मेंढरांमागं गेला. नवरा वारल्यावर घरात एकटीच राहायची. गेल्या वर्षी अंगणात पडली आणि उठताच येईना. शेजारपाजारचे बाजारातनं परतेपर्यंत तशीच पडून होती बिचारी. हाड मोडलं नव्हतं, पण तिच्या लेकानं, धनाजीनं, तिला सरळ साताऱ्याला आणलं. तो इथं एमआयडीसीत कामाला. तिला मात्र करमेना. रोज एकच धोशा, मला गावाकडं सोड. शेवटी वैतागून धनाजी म्हणाला, जमिनीवरनं कुणाचा हात न धरता उठून दाखव, त्या दिवशी सोडतो. हे काही व्हायचं नाही, असंच त्याला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर श्रद्धाच्या व्यायामशाळेत हजर. श्रद्धा तिथं बायकांना वजनं उचलायला शिकवते. तिनं दगडाबाईमावशींच्या छातीशी वाळूची पिशवी दिली आणि खुर्चीवरून उठबस करायला लावली. उठताना झटकन, बसताना सावकाश. धनाजीला ते पटेना. या वयात हळूच उठावं, म्हणायचा. श्रद्धानं त्याला समजावलं, की मुद्दाम हळू उठलं तर तेच ओझं पायांना जास्त वेळ पेलावं लागतं, माणूस लवकर दमतो. शिवाय तोल गेला तर सावरायला नुसता जोर पुरत नाही, चपळाई लागते. मावशींना तिनं एवढंच बजावलं, "लय मोडली की थांबायचं."

आता आमच्या मावशींनी याचा काय अर्थ घ्यावा? लय मोडली, म्हणजे पार मोडून पडली की. मग काय, श्रद्धाची पाठ वळली की दात खाऊन उठायच्या, कण्हत कण्हत उठायच्या, पण थांबायच्या नाहीत. घरी येईस्तोवर पाय लटपटायचे, जिना चढवायचा नाही. श्रद्धानं विचारलं तर म्हणायच्या, अजून कुठं मोडलीय मी. धनाजीनं सांगितलं, बंद कर हे सगळं. त्यावर बिरोबाची आण घेऊन म्हणाल्या, मेले तरी बंद करणार न्हाई.

एकादशीला मी त्यांना इथं कीर्तनाला आणलं. अभंग रंगात आला होता आणि एक टाळकरी मागं पडायला लागला. बुवांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, हसत त्याला म्हणाले, "लय मोडली, माउली."

दगडाबाई भर सभेत मला म्हणाल्या, "ह्यो तर चांगला ताजातवाना हाय. मोडलाय कुठं?"

सगळा मंडप हसला. माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. मी कानाशी लागून सांगितलं, अहो मावशी, लय म्हणजे चाल. उठायचा वेग मंदावला की तिथंच थांबायचं, मोडेपर्यंत नाही. कीर्तन संपेपर्यंत त्या माझ्याकडं बघेनात. मग म्हणाल्या, "त्या पोरीला सांग, जतच्या माणसासंगं सरळ बोलायचं."

तेव्हापासनं वेग उतरला की त्या खुर्चीवर टेकायच्या, दम खायच्या, पुन्हा उठायच्या. घरी येताना जिना आपल्या पायांनी चढायला लागल्या. आणि एका रविवारी धनाजीच्या समोर फरशीवर फतकल मारून बसल्या. तो हात पुढं करून म्हणाला, हळू आई, हळू.

"हात काढ," मावशी म्हणाल्या. एक गुडघा टेकला, दुसरं पाऊल रोवलं आणि झटक्यात उभ्या.

धनाजी म्हणाला, "आणि तिथं परत पडलीस तर?"

"पडंन की. पडणार न्हाई आसं कुटं म्हणलं मी? पडले तरी उठंन. आता तू ऊठ, गाडीची येळ झाली."

गेल्या त्या. मेंढरांत आहेत, एकट्याच आहेत. बुवा आले बघा. आज देवापुढं हात जोडाल तेव्हा आमच्या दगडाबाईची आठवण ठेवा.