टॉनिक पाजलेलं तेल

मी टॅक्सीच्या इंजिनातलं तेल बोलतोय. जरा भराभर बोलेन, राग मानू नका. स्वस्थ बसायची मला सवयच नाही. इंजिन चालू झालं की खालून वर, वरून खाली, अशी दिवसभर माझी धावपळ.

कारखान्यात मी आधी निव्वळ तेल होतो. तिथल्या रसायनवाल्या बाईंनी मोजूनमापून माझ्यात चार गोष्टी मिसळल्या. त्यातलं एक रसायन काजळी धरून ठेवतं, म्हणून मी काळा पडतो. लोक उगाच नाक मुरडतात. दुसरं माझं लाडकं. लोखंडावर लोखंड घासतं तिथे ते पातळशी साय धरतं. त्या सायीवर इंजिनाचं आयुष्य. कुणी कुणाच्या पायात येऊ नये, असं सगळं बेतलेलं होतं.

मला घेतलं एका टॅक्सीवाल्यानं. माणूस जीव लावणारा, पण कानांनी दगा दिलेला. मागचे हॉर्न ऐकू येईनात, तेव्हा त्यानं ठरवलं, टॅक्सी आता मुलीनं चालवायची.

"दुसरं काय देणार मी तुला?" तो तिला म्हणाला. "पण इंजिन असं देतो, की वर्षानुवर्षं बघायला नको."

आणि त्यानं मला टॉनिक पाजलं. टॉनिक हा त्याचाच शब्द. दुकानात मिळणारी घट्ट, मधासारख्या द्रवाची बाटली. "माणसाला लागतं, मग इंजिनाला नको?" एका बाटलीनंच माझा तोल गेला असता, हा दर महिन्याला एक ओतत राहिला.

मी कासावीस झालो. अंग जड झालं. थंडीत सकाळी किल्ली फिरली की मला झटकन वर पोचायचं असतं, कारण गाडी उभी असताना वरचं तेल निथळून गेलेलं असतं. मी धडपडायचो, पण पाय उचलत नसे. तोवर झडपा उघडणारा वरचा दांडा जवळजवळ कोरडाच फिरायचा. टक टक टक! त्यात टॉनिकमधली रसायनं माझ्या सायीला ढकलून जागा अडवून बसलेली. आलो, आलो म्हणेपर्यंत दांडा थोडा झिजलेला असायचा. दिवसभर मला त्याचाच घोर.

"बाबा, आवाज येतोय," मुलगी म्हणायची.

"काय येतंय?"

"आवाज! इंजिनातून!"

"असं होय. मग घालू या की एक बाटली." झालं!

शेवटी एका सकाळी ती हट्टालाच पेटली. "आज तेल काढायचं. सगळं." गाडीखाली घमेलं सरकलं, नट सुटला आणि मी बाहेर पडलो. बापानं मला बोटावर घेऊन उन्हात धरलं. काळ्या तेलात बारीक चांदी चमकत होती. त्याचा चेहरा उजळला.

"बघ, बघ! टॉनिकची चकाकी! आणि तू म्हणतेस काढून टाका."

अहो, कसली चकाकी? तो तुमचा दांडा होता, कणाकणानं माझ्यात उतरलेला! मला ओरडून सांगावंसं वाटलं.

मुलीनं मला चिमटीत चोळलं. कचकच लागली. तिला कळलं. तिनं बापाच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे बघितलं.

"छान चमकतंय बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "टॉनिक मुरलं आता इंजिनात. यापुढे नुसतं तेल घातलं तरी पुरे."

"मुरलं ना? मग झालं!"

नवं तेल पडलं. किल्ली फिरली. मी घमेल्यात पडून कान देत होतो. टकटक जराशी कमी झाली होती, गेली नव्हती. झिजलेलं भरून येत नाही.

"गेला का गं आवाज?" बापानं विचारलं.

"गेला, बाबा."

नव्या तेला, तू तरी तिला खोटं पाडू नकोस. किल्ली फिरली की धावत सुट. त्या दांड्यावर पोरीला घर चालवायचंय.